रखमाजीने लावलेली गड्डी

आमच्या शाळेचा शिपाई रखमाजी याला मी एकवीस वर्षं अरे-तुरे केलं आणि त्यानं मला अहो-जाहो. दोघांचं वय सारखं, दोघांची लग्नंही एकाच वर्षी झालेली. पण मी गुरुजी आणि तो शिपाई. त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही आणि मलाही नाही. आता वाटतं.

मी जाफराबादला बदलून आलो ते चौऱ्याऐंशी साली. त्याच्या आधी वर्षभर रखमाजी शाळेत लागला होता. तत्पूर्वी तो बाजारात मापाडी होता, म्हणजे धान्य आणि कापूस मापून देणारा. चार वर्षं त्यानं नुसते आकडे पुकारले होते. त्यामुळे त्याच्या डोक्यात आकडे असे काही बसायचे की विचारू नका. कोणत्या वर्गात किती बाकं, त्यातली मोडकी किती, गेल्या पंधरा ऑगस्टला किती लाडू आले नि किती उरले, सगळं तोंडपाठ. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण मुख्याध्यापक पटसंख्या बघायला वही काढायचे नाहीत, रखमाजीला हाक मारायचे.

त्याला एकच मुलगी, दुर्गा. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. गावानं तिचं नाव ‘मुकी’ ठेवलं होतं. गाव अशा बाबतीत फार विचार करत बसत नाही. तेव्हा जालन्याला मूकबधिर मुलांची निवासी शाळा होती, पण रखमाजी आणि त्याची बायको पुष्पाबाई, दोघांनाही पोरगी डोळ्यांआड करवत नव्हती. म्हणून ती आमच्याच शाळेत यायची. शिपायाची मुलगी, बसू दे, असं म्हणून तिला पहिलीत बसवलं आणि दर वर्षी पुढे सरकवलं. चौथीला ती माझ्या वर्गात आली. हजेरीत तिचं नाव आलं की शेजारची पोरगी तिला कोपर मारायची आणि ती हात वर करायची. एवढंच तिचं शिक्षण. मी तिला आकडे वाचायला शिकवले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते रखमाजीनं घरी शिकवले होते, अंगणात कोळशानं.

घरच्यांनी तिच्याशी बोलायला आपल्या काही खुणा तयार केल्या होत्या. जेवण, पाणी, शाळा, ताप, मामाचं गाव. बाप म्हणजे घंटेवर हातोडा मारल्याची खूण. जिंकलं म्हणजे मूठ वर. हरलं म्हणजे उघडा तळवा, त्यावर फुंकर. चोर म्हणजे पाठीमागून बोटं वाकडी करून ओढायचं. अशा पन्नास-साठ खुणांत त्या तिघांचा संसार चालायचा. चालायचा म्हणजे भाकरी मागण्यापुरता चालायचा.

त्र्याण्णव साली गावात केबल आली आणि सहा महिन्यांत शाळेत कुस्तीगिरांच्या पत्त्यांची साथ आली. साथच म्हणतो मी. प्रत्येक पत्त्यावर एक गोरा, उघडाबंब, दात विचकणारा पैलवान, आणि खाली त्याची मोजमापं: क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या कुस्त्या. दोघांनी आपापल्या गड्डीतलं वरचं पान धरायचं. ज्याची पाळी त्यानं एक बाब सांगायची, समजा उंची. ज्याचा आकडा मोठा, त्यानं दोन्ही पानं घ्यायची आणि पुढची पाळीही त्याचीच. क्रमांकात मात्र लहान आकडा मोठा. आमच्या पोरांनी यात आपले दोन नियम घातले होते. एक, प्रत्येकानं घरून पंधरा पानांची गड्डी आणायची आणि ती पिसायची नाही, ज्यानं त्यानं मनासारखी लावून आणायची. दुसरा नियम, खेळ खऱ्यानं. म्हणजे जिंकलेली पानं परत मिळणार नाहीत.

मला त्या पत्त्यांचा भयंकर राग होता. पाढे येत नाहीत आणि कुठल्या दाढीवाल्याचा दंड किती इंच ते पाठ! दिसला पत्ता की मी जप्त करायचो. माझ्या टेबलाचा खालचा खण त्यांनीच भरला होता.

मधल्या सुट्टीत वडाखाली रिंगण बसायचं. दुर्गा त्या रिंगणाच्या मागे उभी राहून पोरांच्या खांद्यांवरून बघायची. लंगडी-खोखोत तिला कुणी घेत नव्हतं, कारण तिला खो ऐकू यायचा नाही. रखमाजी ओट्यावरून हे रोज बघायचा. एक दिवस तो माझ्याकडे आला, हात पुसत, म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

“गुरुजी, ह्या खेळात बोलायचं कामच न्हाई.”

“म्हणजे?”

“बोट ठेवलं की झालं. उंचीवर बोट ठेवा, न्हाई तर वजनावर. दुर्गी खेळू शकती, बराबर खेळू शकती. फक्त तिच्यापाशी पानं पाह्यजेत.” मग खणाकडे बघत म्हणाला, “तुमच्याकडं जप्तीचे पडून हायेत. पंधरा दिले तर...”

मी त्याला शाळेत जुगार आणि त्याचे परिणाम यावर दहा मिनिटं भाषण दिलं. तो मान हलवत ऐकत राहिला. “न्हाई, तुमचं बराबर हाय गुरुजी,” म्हणाला आणि गेला.

नवं पाकीट घ्यायचं तर ते शिपायाच्या पगारात बसण्यासारखं नव्हतं, आणि एका पाकिटात काही होत नव्हतं. अमरचंद शेठचा मुलगा पारस, त्याच्याकडे सहा पाकिटं होती. सहातली वरची वरची पानं काढून त्यानं गड्डी केली होती, सगळे पहिल्या दहा क्रमांकातले पैलवान. त्याच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. पोरं त्याच्याशी खेळायची ती हरायलाच, पण शेठच्या पोराबरोबर बसल्याचा मान मिळायचा.

रखमाजीनं मापाड्याचं डोकं चालवलं. त्याच्या बांधावर बोरीचं एक झाड होतं, खारकेसारखी गोड बोरं. ओंजळभर बोरांना चार पानं, असा भाव त्यानं लावला. पण कोणती पानं? तर पोरं ज्यांना रद्दी म्हणतात ती. एकोणतिसावा, तिसावा, एकतिसावा क्रमांक. अशी पानं पोरं खुशीनं द्यायची, वर हसायची. महिन्याभरात त्याच्याकडे दीडशे रद्दी पानं जमली. मग त्यानं घंटा ठेवायच्या खोलीच्या दाराच्या आतल्या अंगाला खडूनं रकाने आखले आणि प्रत्येक पानाची सगळी मापं लिहून काढली. मी एकदा सहज डोकावलो तर दार पांढरं झालेलं.

“पौंड म्हंजे किती, गुरुजी?”

“अर्ध्या किलोला जरा कमी.”

“मंग हा चारशे नव्वद पौंडवाला सव्वादोन क्विंटलचा हाय! अन् ह्याला पोरं रद्दी म्हणतेत काहून? नंबर एकोणतिसावा म्हणून. अहो, वजनात तर ह्याला कोणीच न्हाई.”

त्यानं जे हेरलं होतं ते एवढंच: पान सगळ्या बाबतीत भारी असायची गरज नाही, एका बाबतीत कुणी हरवू शकणार नाही एवढं असलं की पुरे. पाळी आपली असली की तीच बाब सांगायची. पान जिंकलं की पुढची पाळी पुन्हा आपली. त्यानं वजनाचं एक पान शोधलं, उंचीचं एक, छातीची दोन. एक म्हातारा पैलवान होता, एकतिसाव्या क्रमांकाचा, पण आयुष्यभर कुस्त्या खेळून जिंकलेल्या कुस्त्यांचा आकडा त्याचा सगळ्यांत मोठा. अशी चौदा पानं झाली. अडचण एकच होती, पहिली पाळी पारसची आली तर? पारस नेहमी क्रमांकच पुकारतो आणि आपलं एक नंबरचं पान शेवटी ठेवतो, हे रखमाजीनं ओट्यावरून पाहून ठेवलं होतं. म्हणून पहिल्या जागी दोन नंबरचं पान हवं होतं. ते कोण देणार? शेवटी पाचवीतल्या एका पोराकडे ते मिळालं, मधोमध फाटलेलं. रखमाजीनं खळ करून ते चिकटवलं आणि दोन दिवस हजेरीपटांखाली दाबून ठेवलं. आकडे वाचता येत होते, म्हणजे नियमात बसत होतं.

मग आठवडाभर घंटेच्या खोलीत बापलेकीची तालीम चालली. प्रत्येक पानावर कुठं बोट ठेवायचं ते त्यानं तिला दाखवलं. दुर्गाला दोनदा दाखवावं लागलं नाही. आकड्यांच्या बाबतीत ती बापाची मुलगी होती.

पारसपुढे ती पहिल्यांदा बसली तो दिवस मला आठवतो. पोरं हसत होती. पारसनं क्रमांक पुकारला, तिनं चिकटवलेलं पान टाकलं. पारसचं पान तिसऱ्या नंबरचं होतं. पाळी तिच्याकडे आली ती परत गेलीच नाही. वजनावर बोट. उंचीवर बोट. छातीवर बोट. पंधराच्या पंधरा पानं तिनं उचलली, पारसचं एक नंबरचंसुद्धा. मग तिनं मूठ वर केली आणि तोंडातून एक आवाज काढला, जो मी त्याआधी ऐकला नव्हता. रखमाजी ओट्यावर हातोडा धरून उभा होता. त्या दिवशी मधली सुट्टी आठ मिनिटं जास्त चालली. मी घड्याळ पाहिलं होतं, पण काही बोललो नाही. मलाही आनंद झाला होता, उगाच नाकारत नाही.

त्यानंतर दोन महिने दुर्गा हरली नाही. जिंकलेली पानं ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डबा भरत गेला आणि रिंगण रिकामं होत गेलं. हे आधी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. खेळ खऱ्यानं होता. तिच्याशी बसायचं म्हणजे पंधरा पानं पाण्यात. पोरांनी ते ओळखलं आणि सगळी सरळ शाळेच्या मागच्या भिंतीकडे खेळायला गेली. होळीच्या सुमारास दुर्गा वडाखाली एकटी बसायला लागली. समोर गड्डी नीट लावून ठेवलेली, शेजारी डबा. कुणी येतं का बघत. सुट्टी संपली की डबा उचलून वर्गात.

रखमाजीचा जीव तीळ तीळ तुटायला लागला. पहिल्यासारखंच हात पुसत तो माझ्याकडे आला.

“गुरुजी, पोरगी पुन्हा एकलीच बसून राह्यली. आधी निदान पोरांच्या मागं उभी तरी राहत व्हती.”

“अरे, सगळ्यांना लुटल्यावर कोण येईल? तूच अशी गड्डी लावून दिलीस की समोरच्याला वावच नाही.”

“मला वाटलं, जिंकली तर मानतील तिला.”

“मानलं की. मानलं म्हणूनच पळाले.” मी हसलो. त्या वेळी मला ते विनोदी वाटलं होतं. मग मी सल्ला दिला. सल्ला देण्यात आमचा हात कोण धरणार? उंटावरचा शहाणा. “थोडं हरू दे तिला. दोन-चार पानं गेली की पोरं आपोआप परत येतील.”

“तिला कसं सांगू? मुद्दाम हारायचं, म्हंजे पोरं येतेत, हे हातानं कसं सांगायचं गुरुजी? हार सांगता येती. पोरं सांगता येतेत. पण मुद्दाम?” त्यानं हात हवेत उचलले, जरा वेळ तसेच धरले आणि खाली सोडले.

“सांगायचं कशाला? ती पाणी भरायला गेली की गड्डीतली पाच-सहा पानं बदलून टाक. तिला काय कळतंय!”

हे शब्द माझे आहेत. मी ते कितीदा तरी वेगळे करून पाहिले, पण ते तसेच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दुर्गा हापशावर गेलेली असताना, त्यानं गड्डीतली सहा पानं काढली आणि सहा खरीखुरी रद्दी पानं घातली. मी पारसला बोलावून म्हटलं, जा, आज खेळ तिच्याशी, बघ जमतं का. पारस कुरकुरला, पण गुरुजी सांगताहेत म्हटल्यावर गेला. त्याच्यामागून सगळी पोरं गेली. कित्येक दिवसांनी वडाखाली मोठं रिंगण बसलं. दुर्गाचा चेहरा काय फुलला होता! मी आणि रखमाजी ओट्यावर उभे होतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बघ, म्हटलं.

पहिलं पान तिनं जिंकलं, दुसरं जिंकलं. तिसरं पान उचललं आणि ती थांबली. तिथं सव्वादोन क्विंटलचा पैलवान असायला हवा होता, आणि होता कुणीतरी भलताच. तिनं पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग तिनं मान वर करून सरळ ओट्याकडे पाहिलं, बापाकडे.

रखमाजीनं नजर खाली घातली.

पानं कुणी बदलली ते तिला कळलं. तिनं त्या पानावर कुठंतरी बोट ठेवलं आणि हरली. पाळी पारसकडे गेली. पोरं ओरडायला लागली, नाचायला लागली. तिची राहिलेली चांगली पानंही पाळीविना मारली गेली. पंधरा पानं संपेपर्यंत ती उठली नाही, एकेक पान टाकत राहिली. मग तिनं डब्याचं झाकण काढलं आणि डबा पोरांच्या अंगावर उपडा केला. पोरं पानांवर तुटून पडली. कुणी तिची पाठ थोपटली, कुणी ‘मुकी लई भारी’ म्हणून ओरडलं. आज पोरं तिच्याभोवती होती, अगदी मी म्हटलं होतं तशी. ती त्यांच्यातून वाट काढून शाळेबाहेर गेली.

घरी काय झालं ते पुष्पाबाईंनी नंतर सांगितलं. रखमाजी संध्याकाळी घरी गेला तेव्हा दुर्गा उंबऱ्यात बसली होती. तिनं घंटेवर हातोडा मारल्याची खूण केली. मग पाठीमागून बोटं वाकडी करून ओढली. बाप, चोर. दोनच खुणा. रखमाजी तिच्यापुढे उकिडवा बसून काहीबाही हातवारे करत राहिला, पोरं, तू, पोरं, तू. ती बघतच नव्हती. आणि जिला ऐकू येत नाही तिनं बघायचं सोडलं की मग काही उपायच उरत नाही.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. परीक्षेलाही नाही. जून महिन्यात मीच धावपळ करून तिला जालन्याच्या निवासी शाळेत घातलं. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं मला तेव्हा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तर निदान मारुतीला शेंदूर तरी लावावा, अशातला तो प्रकार. रखमाजी तिला सोडायला गेला होता, तो एकटाच परत आला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर घंटा दिली.

जालन्याला दुर्गा चांगली रमली. तिथं खरी खुणांची भाषा होती, हजारो शब्दांची, मुद्दाम, कदाचित, म्हणून, नाहीतर, सगळं सांगता येणारी. दर सुट्टीत ती घरी यायची ती अधिक काही शिकून. पण घरी त्याच पन्नास-साठ खुणा होत्या. तिचे हात भराभरा चालायचे आणि आई-बापाला समजायचं नाही. मग हळूहळू तीही भाकरी-पाण्यापुरतेच हात हलवायला लागली. रखमाजीचं सांगायचं राहिलं होतं ते राहिलंच. मधून मधून तो माझ्याजवळ म्हणायचा, “तिला वाटतं, मी शेठच्या पोराकडून झालो. तेवढं एक तिच्या डोक्यातून काढायचं हाय, गुरुजी. बाकी काही न्हाई.”

इकडे गावातल्या गरीब पोरांना मात्र रखमाजी सापडला होता. ज्यांना पाकीट परवडत नव्हतं ती पोरं रद्दी पानं घेऊन त्याच्याकडे यायची. ‘मामा, गड्डी लावून द्या.’ तो आधी विचारायचा, कुणासंगं खेळणार हाय? मग दाराकडे बघत पानं लावून द्यायचा. आठ-नऊ वर्षं त्यानं हे केलं, पत्त्यांचं वेड ओसरेपर्यंत. प्रत्येक गड्डीत तो तीन-चार पडेल पानं मुद्दाम घालायचा आणि ती पोराला काढून दाखवायचा. “हे तीन हारायचे हायेत, बाबा. समोरच्याला काही तरी भेटलं पाह्यजे, न्हाई तर तो उद्या येत न्हाई.” पोरं ऐकायची, हो म्हणायची. ऐकू येणारी पोरं होती ती.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर दुर्गा घरी आली ती वसतिगृहाच्या उषाबाईंना घेऊन. उषाबाई तिथं शिक्षिका, खुणांची भाषा जाणणाऱ्या. अंबडचा एक मुलगा होता, तोही न ऐकणारा, शिवणकाम करणारा. त्याच्याशी दुर्गाचं लग्न ठरवायचं चाललं होतं आणि बोलणी करायला मध्ये कुणी हवं म्हणून त्या आल्या होत्या. रखमाजीनं मलाही बोलावून घेतलं. गुरुजी असले म्हणजे बरं. दुपारची वेळ होती, पुष्पाबाईंनी चहा केला. दुर्गा एकोणीस वर्षांची झाली होती, पाठीचा कणा ताठ, नजर बापासारखीच मोजून घेणारी. बोलणी अर्ध्या तासात झाली. मुलगा तिला पसंत होता.

मग रखमाजी हात पुसू लागला. म्हणाला, “बाई, माझं एक काम करा. एक गोष्ट हाय, नऊ वर्षं झाली. तेवढी तिला माझ्याकडून सांगा.”

आणि त्यानं सांगितलं. बोरं, दार, फाटलेलं पान, वडाखाली एकटी बसलेली पोर, सगळं. उषाबाईंचे हात चालत होते. त्या हातांकडे बघता बघता दुर्गाचा चेहरा काही बदलला नाही. “तू हरावं म्हणून न्हाई केलं,” रखमाजी म्हणाला, “पोरं तुझ्यापाशी यावे म्हणून केलं.” पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुर्गानं हात उचलले. उषाबाई तिचं बोलणं आम्हाला सांगत गेल्या.

“पोरं मला नकोच होती. ती यायची तेव्हा माझ्या मागे तोंडं वेडावायची. पुढचं पोरगं हसलं की मला कळायचं. मला जिंकायला आवडायचं. तेवढंच माझं होतं. एकटी बसायचे तेव्हा मी रडत नव्हते. गड्डी लावत होते.”

रखमाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यानं पुसलं नाही. दुर्गा त्याच्याकडे बघत राहिली, आणि खरं सांगतो, तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काहीतरी सैल झालं. तिनं पुन्हा हात उचलले.

उषाबाई म्हणाल्या, “ती विचारतेय, बाबा, हे तुमच्या मनात आलं कसं? इतके दिवस जिंकायची गड्डी लावून दिली तुम्हीच. मग पानं बदलायचं कुणी सांगितलं का तुम्हाला?”

मी तिथंच बसलो होतो, भिंतीला टेकून, हातात कपबशी. रखमाजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कोणी न्हाई,” तो म्हणाला. “कोण सांगणार? माझंच डोकं.”

उषाबाईंनी ते दुर्गाला सांगितलं. दुर्गाच्या चेहऱ्यावर सैल झालेलं जे होतं ते पुन्हा आवळलं. ती एवढंच म्हणाली, “मग चूक तुमचीच.” रखमाजीनं मान हलवली. होय, माझीच. मी चहा संपवला. चारच्या गाडीनं त्या दोघी जालन्याला गेल्या.

लग्न झालं. लग्नात ती बापाच्या पाया पडली, रीतीप्रमाणे. माझ्याही पडली, आणि माझ्या पाया पडताना हसली; जालन्याच्या शाळेत मीच घातलं होतं ना. दीड वर्षानं रखमाजी गेला, तीन दिवसांच्या तापानं. दुर्गा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तिला दारात भेटलो. तेव्हा सांगता आलं असतं. मनात म्हटलं, उषाबाई नाहीत, इतकी मोठी गोष्ट हातवाऱ्यांनी कशी सांगायची.

खोटं आहे ते. पानं बदललेली तिला ठाऊकच होती, का बदलली तेही ठाऊक होतं. राहिलं होतं फक्त कुणी सांगितलं ते, आणि त्याला भाषा लागत नव्हती. मी तिच्यासमोर उभा होतो. आपलं बोट उचलून आपल्याच छातीवर ठेवायचं होतं.